मरायचं, पण जाळायचं नाही

टेस्टिंगच्या खोलीत बसणाऱ्या माणसाला किस्से शोधत फिरावं लागत नाही. जी वस्तू जळते, ती मागे एक किस्सा ठेवून जाते. बुटीबोरीत आमचा छोटा कारखाना आहे, आम्ही सर्ज प्रोटेक्टर बनवतो. म्हणजे मेन बोर्डात बसणारी एक डबी. लाइनमध्ये अचानक झटका आला की ती तो स्वतःच्या अंगावर घेऊन जमिनीत सोडून देते, आणि घरातला टीव्ही-फ्रिज वाचतो. या डब्या मुद्दाम मारून बघायच्या, हे माझं काम. त्यामुळे माझ्याकडे जरा जास्तच साचलंय.

*

सुरक्षेचं मानक बदललं, तिथून सुरुवात झाली. जुनं मानक एवढंच विचारायचं, डबीनं झटका अडवला का? नवं मानक पुढचं विचारत होतं. झटके खाऊन खाऊन डबी कधीतरी मरणार. ती मरते कशी? गुपचूप मरते, की तापून आजूबाजूचंही पेटवते?

आमचे मालक झाडे साहेब निवांत होते. "आपल्या मालाची आजवर तक्रार नाही. करून पाहा टेस्ट."

मी वापरून जुनी झालेली एक डबी घेतली, पांढऱ्या सुती कापडात गुंडाळली (कापडाला डाग जरी पडला तरी नापास) आणि व्होल्टेज वाढवत नेलं. आधी वास आला. मग कापडावर पिवळा डाग उमटला, तो काळा झाला, आणि कापडानं पेट घेतला.

मी ते विझवलं. साहेबांनी खिशातून फोन काढून घरी लावला. "आई, तुह्या खोलीबाहेरच्या बोर्डात हिरव्या लाईटची डबी आहे न, तिच्याजवळ जाऊ नको. मी येऊन राहिलो काढाले."

फोन स्पीकरवर नव्हता, पण आजींचा आवाज खणखणीत. "काहून? तूच तं लावली न. येईल त्या पाहुण्याले दाखवत होता."

*

दुसऱ्या दिवशी साहेबांनी जाहीर केलं, जुनं डिझाइन बंद. विकलेल्या डब्याही बदलून द्यायच्या, आणि नवी तयार होईपर्यंत जुनी काढून ठेवा असा निरोप सगळ्या गिऱ्हाइकांना द्यायचा.

मी म्हटलं, "साहेब, तो माल त्या वेळच्या नियमात बसत होता. आपल्याला कोणी विचारणार नाही."

"आई विचारून राहिली न," साहेब म्हणाले.

*

नव्या डिझाइनमध्ये एक स्प्रिंग होती. डबी तापली की जोड धरून ठेवणारं सोल्डर वितळायचं, स्प्रिंग जोड खेचून बाजूला करायची, आणि वीज बंद. डबी मेली हे कळावं म्हणून वर लाल पट्टी यायची. कागदावर झकास. पण पहिल्या सगळ्या नमुन्यांत जोड सुटेचना. कापडाला डाग पडतच राहिला.

कारण सापडलं ते जोडणीच्या टेबलावर. तिथल्या प्रमुख कल्पनाताई आणि त्यांच्या मुली सवयीनं भरपूर सोल्डर घालत होत्या. मी समजावायला गेले तर ताई वैतागल्या. "काहून वं स्वाती, आजवर आमाले शिकवलं का जोड सुटला नाही पायजे. आता म्हणता सुटलाच पायजे. नक्की काय करावं मानसानं?"

मी जळका नमुना त्यांच्या हातात दिला आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. ताईंनी तो उलटापालटा करून पाहिला. मग मुलींकडे वळल्या. "ऐका गं. पोरगी सासरी देतो तसा हा जोड आहे. संसार टिकला पायजे. पण जळायची पाळी आली, तं तिनं सुटून माहेरी आलं पायजे."

पुढच्या नमुन्यांपासून जोड वेळेवर सुटायला लागले. आम्ही दिलेलं ट्रेनिंगचं पोस्टर त्या टेबलावर कोणी लावलंच नाही.

*

शेवटची परीक्षा परगावच्या लॅबमध्ये होती. आत फक्त लॅबचा इंजिनियर. आम्ही काचेबाहेर. झाडे साहेब ऑपरेशन थिएटरबाहेर फिरावं तसे फेऱ्या मारत होते. नापास झालो असतो तर कारखाना चालवणं अवघड होतं. जुना माल बंद केलेला, नवा विकता येत नव्हता.

आतून 'टक' असा बारीक आवाज आला. इंजिनियरनं थोडं थांबून कापड उलगडलं, दिव्याखाली धरलं, दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि आमच्याकडे बघून मान हलवली. पास.

साहेब आत गेले आणि त्यांनी ते कापड मागितलं.

"सर, यावर काहीच नाहीये," तो म्हणाला.

"म्हणून तं पायजे," साहेब म्हणाले, आणि घडी करून त्यांनी ते शर्टाच्या खिशात ठेवलं.

*

मग डब्या बदलण्याची मोहीम. हुडकेश्वरच्या एका फ्लॅट स्कीमचे सेक्रेटरी मला बोर्डाला हात लावू देईनात. "चालू वस्तू काढून राहिले, नवी फुकट देऊन राहिले. अशी कंपनी असते का? गडबड आहे काहीतरी."

मी नियम सांगितला, जळक्या कापडाचा फोटो दाखवला. शेवटी ते तयार झाले, पण एका अटीवर. नवी बसवून होईपर्यंत माझ्या स्कूटीची किल्ली त्यांच्याकडे राहील.

*

आणि मग एक दिवस उमरेडहून पराते काकांचा फोन आला. त्यांचं हातमागाचं काम. आवाज तापलेला.

"मॅडम, तुमची नवी डबी मेली."

"काय झालं, काका?"

"पोलवरची न्यूट्रलची तार तुटली अन् घराघरात भलतंच व्होल्टेज घुसलं. गल्लीतले पंखे गेले, टीव्ही गेले, बाजूवाल्याच्या बोर्डातून तं जाळ निघाला. तुमच्या डबीत टक वाजलं, लाल पट्टी आली अन् मेली. मंग फायदा काय?"

"डबी कुठं बसवलीये?"

"सुताच्या खोलीत."

"सूत आहे का आत्ता तिथं?"

"छतालोक भरलं आहे."

"त्याला काही झालं?"

"सुताले काय होते? मी डबीचं सांगून राहिलो न."

मी फोन स्पीकरवर टाकला आणि साहेबांना बोलावलं. साहेबांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "काका, परत एकदा सांगा."

"मेली म्हून सांगतलं न," काका ओरडले.

तासाभरात आम्ही उमरेडच्या रस्त्याला लागलो. गाडीत साहेब, कल्पनाताई, मी, एक नवी डबी आणि पेढ्यांचा मोठा बॉक्स. काकांनी सुताची खोली उघडली. कल्पनाताईंनी बोर्डातल्या मेलेल्या डबीवर तळहात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. साहेबांनी डोळे पुसले आणि घरातल्या प्रत्येकाच्या हातावर पेढा ठेवला.

पराते काका हातातल्या पेढ्याकडे बघत बायकोला म्हणाले, "यायची डबी मेली, अन् हे पेढे वाटून राहिले."

काकू म्हणाल्या, "खा मंग गुमान. तेरवीचं गोड असन."