मॉरिशसात बांधलेलं घर

आमच्या ह्यांना जगातलं सगळं ठाऊक आहे. नाव मी घेणार नाही, गाव त्यांना भिकाजी शिवलकर म्हणतो. बोटीवर इंजिनखात्यात तेलवाले होते, सव्वीस वर्षं. एवढी बंदरं पाहिली, चार भाषांतल्या शिव्या शिकून आले, पण ‘मला ठाऊक नाही’ एवढं म्हणायला काही शिकले नाहीत.

मालगुंडच्या अलीकडे आमची वाडी. रस्त्यावर एखादी गाडी थांबली आणि कुणी वाट विचारली की हे पडवीतून उठलेच. ठाऊक असो नसो, हात लांब करायचा, वळणं सांगायची, वाटेतला आंबा सांगायचा आणि त्या माणसाला बरोब्बर उलटीकडे धाडायचं. एकदा अख्खं वऱ्हाड धाडलंन आणि मुहूर्त टळला. मी विचारलं, अहो, ठाऊक नव्हतं तर बोललात कशाला? तर म्हणे, ‘‘माणूस दाराशी येऊन विचारतो. त्याला रिकाम्या हातानं परत कसं पाठवायचं? बरं दिसतं का ते?’’ घ्या! वऱ्हाड गेलं चिखलात, पण ह्यांचं बरं दिसलं.

तर ही गोष्ट त्र्याऐंशी सालची. ह्यांची बोट मॉरिशसला साखर भरायला लागली होती. रविवारी काम नव्हतं, म्हणून एजंटानं खलाशांना एका डब्यासारख्या गाडीत कोंबून बेट दाखवायला पाठवलं. सगळं बेटच म्हणे ज्वालामुखीतून वर आलेलं. ती सहल मी आमच्या पडवीत बसून निदान दोनशे वेळा केली आहे. चहा माझा, सहल ह्यांची.

पहिल्यांदा दाखवलंन डोंगरावरचं विवर. गाईड होता शिवा सखाराम नावाचा, चाळिशीचा, गोरटेला, पांढरा शर्ट कडक इस्त्रीचा. त्यानं सांगितलं, हा डोंगर एके काळी आग ओकत होता. हे कठड्यावरून वाकले. खाली झाडं आणि तळाशी चिखलपाणी. ‘‘आग कुठाय?’’ ‘‘विझली, फार वर्षं झाली.’’ ‘‘मग आम्हाला काय दाखवायला आणलंस? विझलेली चूल बघायला पाहुणे बोलावतात का कुठे?’’ बिचारा शिवा हसला. गाईडला हसावंच लागतं, त्याचं पोट आहे त्यावर. पुढे काळ्या दगडाच्या भिंती दाखवल्यान, लाव्हारसाचे दगड म्हणून. हे म्हणाले, आमचा सगळा सह्याद्री ह्याच मालाचा आहे, आम्ही त्यावर कपडे धुतो.

मग गंगा तलाव. तेसुद्धा जुनं विवरच, पण पाण्यानं भरलेलं, काठाला देऊळ. इथं मात्र आमच्या साहेबांनी चप्पल काढली, पाय धुतले, हात जोडले. ते बघून शिवाला धीर आला असावा. तो जवळ आला आणि मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाला, माझा पणजोबा तुमच्या मुलखातला. ऊस तोडायला बोटीनं आला, परत गेला नाही. आणि खिशातून घडी घातलेला कागद काढलान. सरकारी वहीतून उतरवून घेतलेला. त्यात लिहिलं होतं : सखाराम, बापाचं नाव धाकू, जिल्हा रत्नागिरी. आणि गाव? गाव आमचंच! आडनाव काही नाही. शिवानं विचारलं, ‘‘ह्या धाकूचं घर तुम्हाला ठाऊक आहे?’’

आता तुम्हीच सांगा, शंभर-सव्वाशे वर्षांमागचा धाकू. कोणत्याही शहाण्या माणसानं म्हटलं असतं, बाबा रे, गावी जाऊन चौकशी करतो. पण शहाणा माणूस आणि आमचे हे ह्यांची गाठ कधी पडलीच नाही. देवळासमोर उभे, पाय अजून ओले, आणि म्हणतात, ‘‘धाकूचं घर? अरे, न ठाऊक व्हायला काय झालं! उभं आहे अजून.’’

हे त्यांनी मला सांगितलं नाही हं. पडवीतल्या सहलीत तलाव यायचा, देऊळ यायचं, कागद काही यायचा नाही. मला कळलं ते बुरोंडीच्या बाबल्याकडून. तो ह्यांच्याच बोटीवर होता, त्याच गाडीत बसलेला. पुढल्या वर्षी आमच्याकडे जेवायला आला आणि हसता हसता सगळं ओकला.

बाबल्या म्हणाला, तलावानंतर त्या शिवानं गाईडपण सोडूनच दिलं. ड्रायव्हरशेजारची जागा सोडून ह्यांच्या पायाशी येऊन बसला. बाकीचे खलाशी बोंबलतायत, अरे, धबधबा आला, काहीतरी सांग, पण त्याचं लक्षच नाही. घराला पायऱ्या किती? हे म्हणाले, पाच. दारात काय? तुळस. मागं? विहीर, विहिरीवर फणस, कापा. देव कुठे? माजघरात, उगवतीकडे तोंड करून. पावसात गळतं का? उजव्या कोपऱ्यात थोडं. धबधब्यापासून सात रंगांच्या मातीपर्यंत ह्यांनी घर पायापासून कौलांपर्यंत पुरं करून दिलं. एवढ्या वेळात गवंडी तंबाखूसुद्धा मळत नाही.

ती सात रंगांची माती म्हणजे तिथलं मोठं नवल. लाल, तांबूस, जांभळी, कुठं निळसर, उघडे उंचवटे नुसते. भोवती कुंपण, आत पाऊल ठेवायचं नाही, गोरे लोक फोटो काढतायत. आणि आमचे साहेब काय म्हणाले? ‘‘असली माती आमच्या डोंगरावरच्या सड्यावर वाटेल तेवढी. तिथं आम्ही परसाकडे जातो.’’ शोभलं! सातासमुद्रापार जाऊन रत्नागिरीचं नाव काढलंनीत! पण शिवाला त्याचा राग नाही आला. तो त्या मातीकडे बघत राहिला आणि म्हणाला, म्हणजे पणजोबाला इथं थोडं घरच्यासारखं वाटलं असेल.

बाबल्या हे सांगताना हसायचा थांबला होता.

संध्याकाळी शिवा ह्यांना आपल्या घरी घेऊन गेला. म्हातारी आई होती, काशीबाई. नवरा गेलेला. तिला शिवानं ती पाच पायऱ्यांची हकिगत सांगितलीन. तिनं ह्यांना एवढंच विचारलं, ‘‘आमची वाट बघतात का तिथं?’’

हे म्हणाले, ‘‘रोज.’’

मी बाबल्याला वाढायचं थांबवून ह्यांच्याकडे वळले. ‘‘अहो, पायऱ्या आपल्या, फणस आपला, गळका कोपरासुद्धा आपला!’’ तर मान खाली घालून म्हणतात, ‘‘मग दुसऱ्याच्या घराची मला काय माहिती?’’

शहाऐंशीच्या डिसेंबरात शिवाचं पत्र आलं. आईचं हृदय कमजोर आहे, डॉक्टर नको म्हणतात, पण ती ऐकत नाही. नवऱ्याच्या आजोबाच्या उंबऱ्यावर एकदा डोकं ठेवायचं आहे, मग मेले तरी चालेल म्हणते. जानेवारीत येतो.

ह्यांची पाचावर धारण बसली. सबंध गाव पालथं घातलंन. धाकू दोन मिळाले, पण दोघांच्याही वंशात सखाराम नाही. वाडीतले सगळ्यांत म्हातारे गंगारामकाका, त्यांना विचारलं. ते म्हणाले, बोटीनं गेले ते गेले, त्यांची नावं कोण लक्षात ठेवतो? मी म्हटलं, अहो, अजून वेळ गेली नाही. लिहा खरं काय ते. म्हातारी कशाला एवढी ओढत येईल? तीन दिवस पत्र पुढ्यात घेऊन बसले. चौथ्या दिवशी टाकून आले. काय लिहिलंत विचारलं. म्हणे, ‘‘हवा चांगली आहे, जरूर यावे.’’ मी कपाळावर हात मारून घेतला.

मग नवा बेत. त्यांना फिरवत ठेवायचं, इतकं की घराचं नावच निघू नये. रत्नागिरीच्या स्टँडवर म्हातारीला उतरवून घेतलं आणि ह्यांनी सुरुवात केली, ‘‘आधी आरवलीला जाऊ. गरम पाण्याचे झरे आहेत, आमच्याकडेसुद्धा जमिनीखाली जाळ आहे.’’ शिवाचंच बोलणं शिवाला! म्हातारी म्हणाली, ‘‘पाणी मागाहून. घर आधी.’’

म्हणून दुसरा बेत. समुद्राकडे एक पडकं जोतं आहे, घर केव्हाच बसलेलं. ते दाखवायचं आणि सांगायचं, गेल्या पावसात पडलं हो. पण तिकडची वाट जाते आमच्या अंगणावरून, हे काही ह्यांच्या ध्यानात आलं नाही. हे पुढे, मागं शिवाच्या हाताला धरून म्हातारी. मी दारात उभी, हात भाकरीच्या पिठाचे. हे आमच्या घरावरून पुढे निघून गेले. म्हातारी थांबली.

तिनं पायऱ्या मोजल्या. बोटांवर. मग तुळस बघितली, मग वर मान करून मागचा फणस बघितला. शिवाचा हात सोडून एकटी पायऱ्या चढली, पाचही, आणि माझ्या पायांशी उंबऱ्यावर डोकं ठेवलंन. किती वेळ ठेवलंन सांगता नाही येणार. मला मागंही सरता येईना.

शिवा ह्यांच्याकडे वळला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ‘‘हे तुमचंच घर? म्हणजे तुम्ही आमचेच! त्या दिवशी बोलला का नाहीत? आम्ही काही मागू म्हणून?’’

ह्यांनी तोंड उघडलं. उघडंच राहिलं. उभ्या जन्मात पहिल्यांदा माणसाला उत्तर सुचलं नाही आणि ते नेमकं तेव्हा!

आठ दिवस राहिली. पाहुणी म्हणून एक दिवस बसली असेल तर शपथ. सकाळी अंगण झाडायची, माझं जुनं लुगडं नेसायची, चुलीपुढे बसून ह्यांना हुकूम सोडायची, भिकू, पाणी आण, भिकू, लाकडं ओली आहेत. आणि हे आणत होते! मी रोज स्वयंपाकघरात ह्यांना धरायची, ‘‘सांगा तिला. पाप आहे हे.’’ ‘‘उद्या सांगतो.’’ खोटं कशाला बोलू, पाचव्या दिवसापासून मीच विचारायचं सोडलं. मी लग्न होऊन आले तेव्हा घरात सासू नव्हती. चुलीपाशी कुणी मला ‘‘सर गो, मी करते’’ म्हटलेलं मला ठाऊक नव्हतं. जाताना तिनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरलान. मी रडले. ह्यांच्यावर चिडलेही, पण रडले जास्त.

अठ्ठ्याऐंशीला गणपती दोन दिवसांवर आले होते. पाट गणपतीच्या शाळेत गेलेला, मूर्ती रंगवून तयार. दुपारी तार आली. आई गेली, घरच्यांना कळवा.

हे अंगणात बसले. मग उठून विहिरीवर गेले आणि डोक्यावरून पाणी ओतून घेतलं. म्हणाले, ‘‘दहा दिवस सुतक. मूर्ती आणायची नाही.’’

ह्यांचा चुलतभाऊ सदू धावत आला. ‘‘दादा, वेड लागलं काय? कोण लागते ती आपली? तू सुतक धरलंस तर आमचाही गणपती राहायचा!’’

‘‘तुझा आण तू. तिला ‘रोज’ मी म्हटलं होतं, तू नाही.’’

माझंही डोकं फिरलं. तीस वर्षांत ह्या घरातला गणपती एकदा चुकला नव्हता. मी म्हटलं, ‘‘खोटं तुमचं, आणि शिक्षा माझ्या गणपतीला? ती तुमची कुणीही नव्हती, हे देवाला ठाऊक आहे!’’

‘‘तिला ठाऊक नव्हतं ना,’’ हे म्हणाले. ‘‘तिनं उंबऱ्यावर डोकं ठेवलं तेव्हा मी गप्प बसलो. आज ती कुणी नाही म्हणू? आता ती उलट विचारायलासुद्धा यायची नाही.’’ आणि हा एवढा बोलका माणूस गुडघ्यांत तोंड घालून हुंदके द्यायला लागला. मी रागानं आत निघून गेले.

चतुर्थीला सगळ्या वाडीत झांजा वाजत होत्या. आमच्या घरात मखर नाही, दिवा नाही, दोन माणसं दोन कोपऱ्यांत. दुपारी शेजारची सोनूबाई ताटात मोदक घेऊन पायऱ्यांशी आली. मनात हसत होती, मला दिसत होतं. म्हणाली, ‘‘काय गो आनंदी, ऐकलं ते खरं काय? कुठल्या परक्या बाईसाठी गणपती आणला नाहीत म्हणे? भिकाजीची काहीतरी थाप असणार. तू तरी घे.’’

हे पडवीत बसले होते. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी काय म्हणते ह्याची हे वाट बघत होते.

मी पायरीवर आले आणि ताट हातानं मागं सारलं. ‘‘नको गो सोनू, शिवू नको आम्हाला,’’ मी म्हटलं. ‘‘माझी सासू गेली.’’