पेशीला घाई लावणारी बेरिल

कॅनबेरातल्या त्या वनस्पतींच्या प्रयोगशाळेत बेरिल क्विगली काचसामान धुवायला लागली, तेव्हा तिची मुलं शाळेत होती. ती एकसष्टीला आली तोवर अख्ख्या मजल्याला कळून चुकलं होतं, की नळी तुंबली, जंतू मेले किंवा रोप रुसलं तर आधी बेरिलला गाठायचं. पदवी तिच्याकडे नव्हती. तोंड मात्र होतं.

तिची साहेबीण रोवेना मॅकफी तीन वर्षं एकाच प्रथिनामागे लागली होती. हे प्रथिन गव्हाच्या पेशीत असतं. ते जागं झालं की पेशीला हुकूम सुटतो, हो आता एकाचे दोन. गव्हातून ते चिमूटभरही हाती लागेना, म्हणून रोवेनाने त्याचं जनुक जंतूंच्या पोटात घातलं होतं. बाबांनो, तुम्हीच बनवा. जंतू ढिगाने बनवतही होते, पण सगळे गोळेच गोळे, नासलेल्या दुधासारखे. त्या गोळ्यांचा उपयोग शून्य.

"किती अंशांवर ठेवतेस गं यांना?" बेरिलने एकदा विचारलं.

"सदतीस. सगळे तेवढ्यावरच ठेवतात."

"म्हणून सगळ्यांचं फाटतंय. अठरावर ठेव. रमतगमत करू देत बिचाऱ्यांना."

बेरिल बेगाकडची, माणसांपेक्षा गाईच जास्त असलेल्या मुलखातली. तिचा बाप चीज करायचा आणि उतावळ्या माणसाला भांड्याजवळ फिरकू द्यायचा नाही.

"बेरिल, हे चीज नाही."

"दिसतंय तर तसंच."

रोवेनाला हसू आलं. शुक्रवारी तिने एक फ्लास्क बेरिलच्या हवाली केला. बेरिलने यंत्राची खुंटी अठरावर आणली आणि शनिवार-रविवार ते द्रावण गार हवेत संथ डुलत राहिलं. सोमवारी जंतू फोडून तपासलं, तर गोळा नखाएवढा, आणि वरचं नितळ पाणी जेलच्या पातळ चकतीत चालवून रंगवलं, तर प्रथिनाचा निळा पट्टा बोटभर जाड. रोवेना स्टुलावर बसली, उठली, परत बसली.

"आता हे जिवंत आहे का ते बघायचं," ती म्हणाली.

त्यासाठी बेरिलने काचघरात तीन निळ्या पाकळ्यांची रोपं लावली होती. त्यांची फुलं सकाळी उमलतात आणि दुपारी मान टाकतात. फुलाच्या पुंकेसरावर जांभळे केस असतात आणि एकेक केस म्हणजे मण्यांसारख्या पेशींची माळ. त्यातल्या एका मण्यात, केसाहूनही बारीक काचेच्या सुईने, ते प्रथिन सोडायचं होतं. रोवेनाने आधी स्वतः टोचून पाहिलं. दोन केस वाया गेले.

"सरक," बेरिल म्हणाली. "तू नुसती श्वास घे."

तिने अलगद टोचलं. दोघी पडद्याकडे बघत बसल्या. अजून कितीतरी तास निवांत पडून राहायची ती पेशी पाव तासात चुळबुळायला लागली. पोटातले धागे आखडून जाड झाले, मधल्या गोलाची कड विरघळली. दोन व्हायची सगळी तयारी.

"शेजारच्या फुलात नुसतं पाणी टोच," रोवेना पुटपुटली.

बेरिलने पाणी टोचलं. ती पेशी ढिम्म. पुन्हा प्रथिन, पुन्हा धावपळ. पाचव्यांदाही तेच झालं, तेव्हा रोवेनाने बेरिलच्या कमरेला हात घातला आणि दोघी पांढऱ्या कोटांत बाकांमधून गिरक्या घेत सुटल्या. कुणीतरी दारातून डोकावलं आणि दार हळूच लावून घेतलं.

बेरिल सायकलवर घरी निघाली. वसंताचे दिवस, घरट्यांवरचे मॅगपाय पक्षी येणाऱ्याजाणाऱ्यावर झेपावत होते. एकाने तिच्या हेल्मेटवर चोच हाणली. "मार बाबा, आज तुला माफ," म्हणत ती स्वतःच्या फाटकावरून तशीच पुढे गेली.

तिचा नवरा क्लेम लेट्यूसला पाणी घालत होता. "अगं, घर इकडे आहे."

"माहितीये. थांबवत नाहीये."

गल्लीच्या टोकाला वळसा घालून ती परतली आणि एका दमात सगळं सांगितलं. क्लेमने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे तू एका केसाला टोचलंस?"

"हो."

"आणि तो वाढायला लागला?"

"लागलाच म्हण."

क्लेमने टोपी काढून आपलं तुळतुळीत डोकं पुढे केलं. बेरिल हसता हसता पायरीवर बसली, आणि बराच वेळ तिला उठता आलं नाही.

पुढच्या वर्षी तो शोध छापायला गेला. रोवेनाने लेखकांत दुसरं नाव बेरिलचं घातलं. फॉर्म भरताना ती अडली.

"पदवीच्या रकान्यात काय लिहू?"

"रिकामा ठेव," बेरिल सुई धरून म्हणाली. "आणि जरा गप्प बस, मी टोचतेय."