तारा विझला नाही ती रात्र

माझ्या नणंदेला आमची गल्ली दुर्बीणबाई म्हणायची. कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत वन्संनी एकतीस वर्षं भिंगं पुसली, वायरी जोडल्या, मुलांनी मोडून ठेवलेलं निस्तरलं. लग्न केलं नाही. गच्चीवरच्या खोलीत त्या, त्यांची दुर्बीण आणि एक जुना टेपरेकॉर्डर.

छंद जगावेगळा. नेपच्यूनच्याही पलीकडे बर्फाचे गोळे फिरतात. इतके लांब, की मोठ्यातल्या मोठ्या दुर्बिणीतूनही नुसता ठिपका. मग माप घ्यायचं कसं? तर असा एखादा गोळा फिरता फिरता एखाद्या ताऱ्याला झाकतो. तेवढे काही सेकंद तारा विझतो. ठिकठिकाणचे लोक ते सेकंद मोजून कळवतात आणि सगळ्यांचे मिळून गोळ्याचा आकार निघतो.

"म्हणजे ताई, आकाशाशी कुक् खेळायचं," हे चिडवायचे.

"तू लहानपणी बोटांच्या फटीतून बघायचास. तसली लबाडी इथे चालत नाही."

वीस वर्षं वाट पाहिल्यावर असल्या एका गोळ्याची ताऱ्याच्या उजेडात पडणारी सावली आमच्या गावावरून जाणार होती, आणि नेमका तेव्हा वन्संना काचबिंदू. डावा डोळा गेलेला, उजव्याला डॉक्टरांनी जेमतेम वर्ष दिलेलं. एकदा तरी आपली नोंद त्या मापात धरली जावी, एवढंच त्यांना हवं होतं.

त्या रात्री मी गच्चीवर शेजारी बसले होते. इतर लोक कॅमेरे लावतात. वन्संकडे एक डोळा होता. रेडिओवर सेकंदासेकंदाला टुक् वाजत होतं, टेप चालू होती. तारा विझला की "गेला" म्हणायचं, दिसला की "आला". मध्ये एकदा त्या "डोळा पुसते" म्हणाल्या, मग "पुसला". बाकी बारा मिनिटं नुसतं टुक् टुक्.

"विझलाच नाही गं," शेवटी त्या म्हणाल्या. "हुकलं आपलं गाव."

दुसऱ्या दिवशी त्यांनी टेप पुसून टाकली. जन्माची सवय. प्रयोग फसला की फळा पुसायचा, सामान जागच्या जागी ठेवायचं. काही घडलंच नाही, तर कळवायचं तरी काय?

तीन आठवड्यांनी, सगळ्यांच्या नोंदी जमवणाऱ्या गृहस्थांचं पत्र आलं. मीच वाचून दाखवलं. 'तुमचं गाव सावलीच्या अगदी काठावर होतं. तारा विझला नाही, हेही आम्हाला तितकंच मोलाचं. काठ त्यावरूनच ठरतो. त्या बाजूला तुमच्याशिवाय कोणी नव्हतं. टेप पाठवा. नसेल तर दोन ओळी लिहा, तुमच्या शब्दावर आमचा विश्वास आहे.'

मला तर उड्या माराव्याशा वाटल्या. "लिहा ना मग, वन्सं!"

त्या म्हणाल्या, "आणि डोळा पुसला तेव्हा?"

"चार-पाच सेकंद असतील."

"काठावर तारा तेवढाच विझतो. कितव्या मिनिटाला पुसला, ते टेपवर होतं. तुला आठवतंय?"

"सुरुवातीला. बहुतेक."

"बहुतेक," त्या म्हणाल्या, आणि हसल्या. ते हसू मला बघवलं नाही.

"ताई, कोण येतंय तपासायला?" हे म्हणाले. "लिहून टाक. वीस वर्षं घालवलीस त्यात."

"म्हणूनच नाही लिहिता येत, रे."

त्यांनी सांगितलं तसं मी लिहिलं. 'तारा विझलेला दिसला नाही. पण मध्ये चार-पाच सेकंद मी बघत नव्हते. ते केव्हा, हे सांगता येत नाही. टेप मीच पुसली. माझी नोंद धरू नये.' खाली सही करताना पेन कागदाबाहेर चाललं, तेव्हा मी त्यांचा हात धरून आत आणला.

अहवाल यायला आठ महिने लागले. तोवर त्यांना फक्त उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. अहवालात गोळ्याचं चित्र होतं. सात गावांनी मोजलेल्या सेकंदांच्या सात रेघा, त्यांच्याभोवती आकार. एका बाजूला मात्र आकाराची कड तुटक होती. हा काठ नक्की नाही, असं खाली छापलेलं. मी त्यांचं बोट धरून तिथे टेकवलं.

"इथे आपण होतो," वन्संनी विचारलं, की सांगितलं, कोण जाणे.

मी हो म्हटलं. त्या बराच वेळ बोट फिरवत राहिल्या. कागद गुळगुळीत होता, हाताला काहीच लागत नव्हतं.