दादाची नाजूक प्रकृती

आमच्या घरात इंग्रजी फक्त मला येत होतं, आणि त्याचे परिणाम दादाला भोगावे लागले.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ दगडू. आईची आधीची दोन मुलं पाळण्यातच गेली होती, म्हणून तिसऱ्याचं नाव तिनं दगडू ठेवलं. दगडाला कोण नेणार, असा तिचा हिशेब. दगड चांगलाच वाढला. ज्वारीचं पोतं तो बगलेत धरून चालत असे (दुसऱ्या बगलेत कधीकधी मला). पण आईसमोर कुणी त्याच्या तब्येतीचं नाव काढलं की ती लगेच म्हणे, "कुठं वो, नुसता सांगाडा ऱ्हायलाय." दृष्ट लागू नये म्हणून असं म्हणायचं असतं, हे आमच्या डिंगोऱ्यात शेळ्यांनाही ठाऊक होतं. मलाही होतं. ऐन वेळी आठवलं नाही, एवढंच.

एकोणीसशे पन्नास साल उलटून गेलं होतं. सरकारी मोजणीसाठी एक मद्रासी इंजिनिअरसाहेब गावाबाहेर तंबू ठोकून राहिले होते. त्यांना मराठी येत नव्हतं, आणि त्यांचं हिंदी आम्हाला कळत नव्हतं. डोंगरावर दुर्बीण आणि साखळ्या चढवायला त्यांना एक धडधाकट माणूस कायमचा हवा होता. ओढ्यात रुतलेली बैलगाडी दादानं खांदा लावून बाहेर काढली, ते त्यांनी पाहिलं आणि निरोप धाडला: घरी येतो, आईशी बोलतो, मग नोकरी पक्की.

दादाला ती नोकरी हवी होती, कारण त्याला अवसरीची ठकू हवी होती. ठकूचे वडील गणपतमामा स्पष्टच बोलले होते, "जमीन काय, समद्यांकडंच हाय. सरकारी नोकरी दावा, पोरगी देतो." साहेब येणार हे कळल्यावर मामा आळेफाट्यावरून मिळेल त्या गाडीनं स्वतः खात्री करायला हजर झाले.

मी तेव्हा गावच्या शाळेत मास्तर होतो. जुन्नरच्या बाजारात एका चाचांच्या रद्दीत मिळालेला इंग्रजी शब्दकोश उशाशी घेऊन झोपत असे. दादानं मला आधीच बजावलं, "बाळ्या, सायेब म्हनंल त्ये आमाला सांग, आमी म्हनू त्ये सायबाला सांग. मधी तुझं डोकं घालू नको."

मी डोकं घातलं नाही. तेच चुकलं.

साहेब घोंगडीवर बसले. चहा आला. त्यांनी दादाचा दंड दाबून पाहिला आणि म्हणाले, "व्हेरी स्ट्राँग."

"साहेब म्हणतात, पोरगा फार ताकदीचा आहे," मी आईला सांगितलं.

आईचा चेहरा उतरला. परका माणूस, त्यात डोळ्यांवर जाड भिंगं. म्हणजे दृष्ट मोठी होऊनच येणार.

"कुठली ताकद वो सायेब," ती घाईनं म्हणाली, "लई अशक्त हाय माजं लेकरू. दोन घास पोटात जात न्हाईत."

दादानं मला चिमटा काढला. पण ऐकलेलं गाळणं माझ्यातल्या मास्तराला जमण्यासारखं नव्हतं. प्रश्न एवढाच होता की अशक्तला शब्द कोणता घ्यावा. वीक म्हणजे नुसता जोर कमी. फीबल म्हणजे जोर कमी आणि बघणाऱ्याला कीव येईल असा. इन्फर्म म्हणजे वयानं खचलेला. दादा तर चोवीस वर्षांचा. फ्रेल म्हणजे कंदिलाच्या काचेसारखा. आईच्या आवाजातली काळजी पाहता मला फ्रेलच योग्य वाटला.

साहेबांनी कंदिलाच्या काचेकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "म्हणजे हा सिक आहे?"

"नो सर," मी दुरुस्ती केली. "सिक म्हणजे आज आजारी. हा सिकली आहे. आज बरा दिसला तरी कधीही पडेल असा."

"काय म्हनला रं?" मामांनी विचारलं.

"आईचंच म्हणणं सांगितलं."

"मंग चांगलं सांगितलं आसंल," असं म्हणून मामांनी बशीतला चहा ओढला.

एवढ्यात आई मीठ, मोहऱ्या आणि सुक्या मिरच्या मुठीत घेऊन आली आणि दादावरून ओवाळू लागली. साहेबांनी हळूच विचारलं, "या काय करतायत?"

दृष्ट काढणं याला शब्दकोशात शब्द मिळाला नव्हता. "ट्रीटमेंट, सर."

"रोज?"

"अमावास्येला आणि पौर्णिमेला. शिवाय पाहुणे आले की."

आईनं मूठ चुलीत टाकली. मिरच्या जळल्या. मिरच्यांचा ठसका लागला तर दृष्ट नव्हती, नाही लागला तर होती, असं आमच्याकडे मानतात. दादाला असा ठसका लागला की दावणीचे बैल उभे राहिले.

"आला गं बाई ठसका," आई समाधानानं म्हणाली.

साहेबांनी नाकाला रुमाल लावला. "हा खोकला कधीपासून आहे?"

मी खरं तेच सांगितलं. "लहानपणापासून, सर. ट्रीटमेंट सुरू झाल्यापासून."

साहेब अर्धा चहा ठेवून उठले. अशा माणसाला डोंगरावर नेणं पाप आहे, म्हणाले. आईला त्यांनी वाकून नमस्कार केला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्हाला इंग्रजी येतं. शाळेला सुट्टी आहे ना? उद्यापासून तुम्ही या." माझा दंड त्यांनी दाबून पाहिला नाही.

ते गेल्यावर दादा त्यांचा उरलेला चहा ओतून आला. मग म्हणाला, "मास्तर, आता ठकूशी लगीन बी तूच कर."

मामा डोळे पुसत होते (मिरच्यांमुळे). "वैनी, पोरगा खरंच अशक्त आसता तर तुमी म्हनला आसता, माजा पैलवान हाय. तुमी अशक्त म्हनला, माजी खात्री पटली. पर नोकरी कुटं हाय?"

दुसऱ्या दिवशी दुर्बिणीचं तीन पायांचं तिकाटणं खांद्यावर घेऊन मी डोंगर चढू लागलो आणि पहिल्याच चढाला खाली बसलो. दादा भाकरी पोचवायला मागून येत होता. त्यानं तिकाटणं खांद्यावर टाकलं, मला बगलेत घेतलं आणि वर नेऊन साहेबांसमोर आम्हा दोघांनाही उभं केलं. त्याला साधी धापही लागली नव्हती.

"पण काल तर..." साहेब म्हणाले.

"ट्रीटमेंट, सर," मी म्हणालो.

नोकरी दादाला मिळाली, ठकूवहिनी घरी आली, आणि मांडवात आई भेटेल त्याला नवरदेव किती खंगलाय ते सांगत फिरली.

दादा यंदा गेला. त्याआधी दोन दिवस, सबंध आयुष्यात पहिल्यांदाच, तो दवाखान्यात झोपला होता, मंचरच्या. तरुण डॉक्टरीणबाई त्याला तपासून मला म्हणाल्या, "या वयात काय शरीर आहे आजोबांचं. एकदम स्ट्राँग."

त्यांच्या डोळ्यांवरही भिंगं होती.

"कुठं हो," मी घाईनं म्हणालो, "पहिल्यापासून अशक्त आहे तो."

त्यांनी पेन उघडलं. "अशक्त म्हणजे नेमकं काय होत होतं?"

उभी हयात मी पोरांना वीक, फीबल आणि फ्रेल यांतला फरक शिकवला. त्या दिवशी एकही शब्द आठवला नाही. "मिरच्यांनी खोकला येई," मी म्हणालो, आणि बाईंनी ते लिहून घेतलं.