काचेआडची नळी

नळीकाकांना रस्त्यावर सरळ बघून चालताना कुणी पाहिलेलं नाही. मान कायम वर. नवख्याला वाटायचं, गृहस्थाची मान लचकलेली दिसते. प्रत्यक्षात काका इमारतींच्या भिंतींतून बाहेर डोकावणाऱ्या पत्र्याच्या नळ्या बघत असत. गॅसच्या गिझरमधला जळका वायू घराबाहेर नेणारी नळी बसवणं हा त्यांचा धंदा, आणि आसपासच्या निम्म्या नळ्या त्यांच्याच हातच्या. "ती बघ, तिसऱ्या मजल्यावरची. टोपी तिरकी झालीय कार्टीची," असं पोटच्या पोरीबद्दल बोलावं तसं बोलायचे. त्यांना मूलबाळ नव्हतं. काकू म्हणायच्या, "कोण म्हणतं नाही? भिंतीभिंतीला लटकलीत की!"

गिऱ्हाइकाला गिझर हवा असतो, नळी नको असते. नवरा हवा, सासू नको, त्यातलाच प्रकार. "काका, फार वाईट दिसते हो ती नळी," असं कुणी म्हटलं की काकांचं उत्तर तयार असायचं. "नाक तरी कुठं फार देखणं असतं? पण ठेवतोच ना तोंडावर?" मग ते समजावून सांगायचे. नळीनं बाहेर जाताना जरा जरा चढतच जायला हवं, मध्येच तिला पोट सुटलं की वायू माघारी फिरतो. आणि हा चोर असा, की वास सोडत नाही. डोकं दुखतं, माणूस गोळी घेतो, कूस बदलून झोपतो. इथं आले की काका एकदम गप्प व्हायचे. एरवी त्यांना गप्प करणं काकूंनाही जमलेलं नव्हतं.

अशा या बोलक्या माणसाचं एका घराशी मात्र बोलणं बंद होतं. ते घर त्यांच्या सख्ख्या थोरल्या भावाचं.

आई थोरल्याकडे असायची. तिच्यासाठी काकांनी त्या घरात गिझर बसवून दिला आणि त्याची नळी भिंतीतून गॅलरीत काढली. आई थकली, मग गेलीच. शेवटच्या दिवसांत काका भेटायला जात तेव्हा आईचे पाय हातात घेत. पाय गारठलेले. "मला गार पाणीच बरं पडतं रे," असं आई म्हणायची, आणि म्हणताना स्वयंपाकघराच्या दाराकडे बघायची. तिची आंघोळ सगळ्यांच्या शेवटी असे, तोवर गॅस जपून वापरायची आठवण घरात कुणाला तरी झालेली असे. आई गेल्यावर माणसं भेटायला आली. बसल्या बसल्या काकांच्या तोंडून निघून गेलं, "गिझर लावून दिला होता मी. पण आईला शेवटी गरम पाणी मिळालं नाही."

खोली गार पडली. वहिनी उठून आत गेल्या. थोरल्यानं सगळ्यांदेखत दाराकडे बोट दाखवलं. बोललेलं खरं होतं, पण खऱ्यालाही बसायला जागा लागते, आणि ती तिथं नव्हती.

त्यानंतर काका त्या गल्लीत पाऊल टाकत नव्हते. यंदा थंडीत एका कामासाठी नाइलाजानं तिथून जावं लागलं. मान सवयीनं वर गेली आणि तिथंच राहिली. थोरल्यानं गॅलरीला नव्याकोऱ्या सरकत्या काचा बसवून घेतल्या होत्या. आणि काचेच्या आत, शोकेसमध्ये मांडून ठेवावी तशी, काकांची नळी. टोपीसकट. शेजारी खाट, खाटेवर उशी. म्हणजे गिझरचा सगळा वायू आता त्या बंद गॅलरीत जात होता, आणि तिथं कुणीतरी झोपत होतं.

काका धापा टाकत घरी आले. "आत्ता फोन लाव वहिनींना."

काकूंनी लावला. मुलाचं लग्न झालं, आतली खोली मुलासुनेला दिली, तेव्हापासून थोरला गॅलरीत झोपतो, असं कळलं. घरातले सगळे सकाळी आंघोळी उरकतात, तो मात्र तिथं उशिरापर्यंत पडून असतो. "हल्ली उठतात तेच डोकं धरून. गोळ्या चालू आहेत," वहिनी म्हणाल्या. काकूंनी नळीचं सांगायला सुरुवात केली, तोच तिकडून थोरल्याचा आवाज आला. त्यानं फोन ओढून घेतला होता.

"सांग त्याला, माझी गॅलरी त्याला बघवत नाही हे कळलं मला. पोराच्या संसारासाठी खोली सोडली, आता खाटही सोडू का? एवढंच पोटात दुखत असेल तर स्वतः ये म्हणावं. जे सगळ्यांसमोर बोललास ते घरातल्या सगळ्यांसमोर परत घे. मग हात लाव हवा तिथं. तोवर एक काच उघडणार नाही."

फोन बंद झाला. काकू म्हणाल्या, "जाऊ दे. आपण सांगितलं ना? आपलं काम संपलं."

"सांगून वायू थांबतो होय गं?"

"मग काय, खोटारडे म्हणवून घ्याल?"

आईसाठी बोललेलं ते एकच वाक्य होतं काकांकडे. एरवी तिच्यासाठी करण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. ते परत घ्यायचं म्हणजे तिचे गार पायही नव्हतेच म्हणायचे.

"मेलेल्या माणसाला राग येतो का गं?" त्यांनी विचारलं. काकूंनी हत्यारांची पिशवी आणून समोर ठेवली.

थोरला खुर्चीत बसला होता. शेजारी मुलगा, सून, आणि दाराशी टेकून वहिनी. कुणी बस म्हणालं नाही. नळीचा तुकडा काखेत धरून काका उभे राहिले. कुस्ती हरलेला पैलवान बक्षीस समारंभाला थांबवून ठेवावा तसे.

"बोल," थोरला म्हणाला.

"मी खोटं बोललो होतो," काका म्हणाले. "आईला गरम पाणी मिळत होतं."

"मोठ्यानं."

"मिळत होतं, दादा. रोज मिळत होतं."

थोरल्यानं टीव्ही लावला. ती परवानगी होती.

काकांनी गॅलरीची एक काच उतरवली, तिथं पत्रा बसवला, पत्र्याला भोक पाडलं. नळीला नवा तुकडा जोडला, सांध्यांना स्क्रू मारले, चढ धरून तोंड बाहेर काढलं. सून चहाचं विचारायला पुढं झाली, वहिनींनी डोळ्यांनीच तिला थांबवलं. शेवटी काकांनी गिझर पेटवला, काडी ओढून विझवली आणि गिझरच्या वरच्या फटीशी धरली. काडीचा धूर वळून आत, नळीत ओढला गेला. वायू बाहेरची वाट चालू लागला होता.

"झालं," काका म्हणाले.

"मग जाताना दार लोटून घे," थोरला टीव्हीकडे बघतच म्हणाला.

जिन्यात मागून चपला वाजल्या. वहिनी होत्या, काकांची पक्कड राहिली होती ती घेऊन. पक्कड त्यांनी लगेच दिली नाही.

"भावजी, तुम्ही खोटं नव्हता बोललात," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "गिझर मीच बंद करत होते."

काकांनी पक्कड घेतली, पिशवीत टाकली. "आता कशाला, वहिनी? मिटलं ते. आणि काचा पुसताना नळीला धक्का देऊ नका. चढ जाईल तिचा."

पुढं कुणी कुणाकडे आलं-गेलं नाही. महिन्याभरानं वहिनींचा काकूंना फोन आला, थोरल्याचं डोकं दुखायचं साफ थांबलं म्हणून. डॉक्टरांनी नवी गोळी दिली होती, तिचं कौतुक तो सगळ्यांना सांगत होता.

काकूंचा जीव तळमळला. "तुम्ही तरी सांगा ना कुणाला!"

नळीकाका पुढ्यातला पत्रा वाकवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"गोळी चांगली निघाली म्हणायची," ते म्हणाले.