ओळंबाबाईंचं शेवटचं छप्पर

बांधकामावर बाई मुकादम असली की गवंड्यांना ते सहजासहजी पचत नाही. ओळंबाबाईही पचल्या नव्हत्या. पण त्यांची नजरच अशी, की भिंत बोटभर झुकली तरी रस्त्याच्या पलीकडून सांगायच्या. गवंडी नाक मुरडत ओळंबा सोडून बघायचे आणि मग गपगुमान विटा काढायला लागायचे. म्हणून हे नाव पडलं. आधी लोक पाठीमागे म्हणायचे, मग तोंडावर म्हणायला लागले, आणि पुढेपुढे बाईंना खऱ्या नावाने हाक मारली तर त्या वळूनसुद्धा बघेनाशा झाल्या.

नवरा कंपाउंडर. तरुणपणी बाईंच्या पायात खिळा घुसला, तेव्हा दवाखान्यात पट्टी बांधायला हाच गडी होता. पट्टी इतकी सैल बांधली की दारापर्यंत जाईस्तोवर सुटली. बाई लंगडत परत आल्या आणि पट्टी कशी बांधतात ते त्यालाच शिकवून गेल्या. संसाराचा कारभार कोणाच्या हाती राहणार हे तिथेच ठरलं, आणि कंपाउंडरांनी त्याबद्दल जन्मात कधी तक्रार केली नाही.

बाईंचा कामावरचा एक शिरस्ता होता. ज्याचं घर बांधायचं त्याचा पाहुणचार घ्यायचा नाही. डबा आपला, पाणी आपलं. मालकाने कितीही आग्रह केला तरी उंबऱ्याच्या आत बूड टेकायचं नाही. शेवटच्या दिवशी अंगण झाडून द्यायचं, मालकाला कोपरा न् कोपरा दाखवायचा, काही राहिलं का विचारायचं आणि सरळ घरची वाट धरायची.

दुनियेची छपरं सरळ करणाऱ्या या बाईंचं स्वतःचं छप्पर मात्र म्हातारं झालं होतं. कौलं तडकलेली. माळ्यावर वारा आत यायला वाट नाही आणि बाहेर जायलाही नाही. दिवसभर माळा भट्टीसारखा तापायचा आणि झोपायच्या वेळी ती सगळी धग खाली खोलीत उतरायची. पलंगाच्या वर, माळ्याच्या फळ्यांना ओलीचे डाग पडले होते. यंदा करू, यंदा करू म्हणताना बाईंना दुसऱ्याचं काम यायचं आणि आपलं मागे पडायचं.

मग बाई विसरायला लागल्या. आधी वस्तू, मग वाटा, मग माणसं. एकदा सकाळी घरातून निघाल्या त्या त्यांनीच पूर्वी बांधलेल्या एका इमारतीसमोर जाऊन उभ्या राहिल्या, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाळू चाळून घ्यायला सांगू लागल्या. मुलाने शोधून आणलं. मुलगा काही वाईट नव्हता. शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायचा, धावत यायचा, आणि आईला सांभाळताना बापाचे हाल कुत्रा खात नाही हे त्याला दिसत होतं. अशा माणसांना सांभाळणारी एक संस्था त्याने शोधली. तिथे जागाही होती.

कंपाउंडरांनी हातापाया पडायचंच बाकी ठेवलं. म्हणाले, छप्पर बदलून घेऊ. माळ्यावर वारा खेळला तर तिला शांत झोप लागेल. आणि काम तिच्या देखरेखीखाली होऊ दे, हाताला काम लागलं की ती जागेवर येईल. मुलगा म्हणाला, छप्पर होईपर्यंत थांबतो. तोवर आई सावरली तर संस्थेचं नाव काढणार नाही. नाही सावरली, तर तुम्ही मला अडवायचं नाही. कंपाउंडरांनी मान डोलावली, आणि त्या दिवसापासून त्यांचा जीव टांगणीला लागला.

छप्पर उघडं असताना घरात राहणं शक्य नव्हतं. शेजाऱ्यांनी आपली मागची खोली दिली. रोज सकाळी दोघं तिथून निघून कामावर यायची. छपरवाल्या मिस्त्रीला कंपाउंडरांनी आधीच बाजूला घेऊन सांगितलं होतं, की बाई काही बोलल्या तर हो म्हणायचं आणि आपलं काम करायचं. मिस्त्री मनाने चांगला होता, हो म्हणाला.

पण हो म्हणून भागवायची पाळीच आली नाही. कौलं उतरली आणि बाईंच्या पाठीचा कणा ताठ झाला. कुजलेले वासे त्यांनी काठीने ठोकून नुसत्या आवाजावरून वेगळे काढले. नवीन पत्रे चढले. आढ्याला, म्हणजे छपराच्या अगदी माथ्याला, गरम हवा बाहेर पडायला फट ठेवली, आणि खाली वळचणीला हवा आत यायला जाळ्या बसवल्या. सगळं झाल्यावर बाईंनी एक सुती दोरा मागितला. तो वळचणीच्या जाळीसमोर धरून उभ्या राहिल्या. दोरा हलेना.

“वरून बाहेर जायची वाट केलीत,” त्या मिस्त्रीला म्हणाल्या, “पण आत यायची वाट बुजवलीत की.”

मिस्त्री माळ्यावर चढला. ऊन अडवायला पसरलेल्या जाड गाद्या त्याच्या माणसांनी कडेपर्यंत कोंबल्या होत्या आणि जाळ्या आतून बंद झाल्या होत्या. त्याने जीभ चावली, गाद्या मागे ओढून घेतल्या. दोरा हलायला लागला. खाली उभ्या कंपाउंडरांना आनंदाने रडू फुटलं. डोळ्यांत धूळ गेली असं सांगून त्यांनी वेळ मारून नेली.

बाई त्यांना ‘साहेब’ म्हणायला लागल्या होत्या. साहेब, फळ्या आल्यात, बघून घ्या. साहेब, तिकडे खिळे आहेत, जपून. कंपाउंडरांना गुदगुल्या व्हायच्या. बायको थट्टा करतेय म्हणजे तब्येत सुधारतेय, एवढंच त्यांना कळत होतं. दुपारी त्या फाटकाजवळच्या कट्ट्यावर मजुरांबरोबर डबा खायच्या, घरात पाऊल टाकायच्या आधी विचारायच्या. जुना शिरस्ता तिला आठवतोय, असं ते कौतुकाने मुलाला फोनवर सांगायचे. रात्री शेजाऱ्यांच्या खोलीत त्या गप्प गप्प असायच्या, नवऱ्याकडे पाठ करून भिंतीला चिकटून झोपायच्या. दिवसभर राबून थकली असेल, अशी ते स्वतःची समजूत घालायचे. आशेला लागलेला माणूस डोळे असून आंधळा असतो, आणि त्यासाठी त्याला दोष तरी काय द्यायचा.

काम संपलं त्या संध्याकाळी मुलगा आला. माळ्यावर चढला, पत्र्याखाली हात फिरवला. दिवसभराच्या उन्हानंतरही वर श्वास घेता येत होता. खाली उतरून तो म्हणाला, “बाबा, मानलं. आईनेच केलं हे सगळं?” कंपाउंडरांची छाती फुगली. संस्थेला नाही कळवायचं, हे शब्द मुलाच्या ओठांवर आलेले त्यांना दिसत होते.

बाई अंगण झाडत होत्या. झाडू जागेवर ठेवून, हातपाय धुऊन, डब्याची पिशवी घेऊन त्या समोर आल्या.

“साहेब, काम झालं. काही राहिलं असेल तर आत्ताच सांगा. मग मी निघते.”

“कुठे निघालीस?” कंपाउंडर हसत म्हणाले.

“घरी.”

मुलगा पुढे झाला. “आई, हे आपलंच घर आहे.”

मालकाच्या मुलाने भलता आग्रह करावा आणि आपण तो समजून घ्यावा, तशा त्या हसल्या. “घर छान झालंय तुमचं. पण आमचं तसं नाही. आमची कौलं तडकलेली आहेत. पलंगावर पडलं की वर ओलीचे डाग दिसतात. फार उकडतं बघा. पण आमचं आहे.”

ती कौलं, त्या डागाळलेल्या फळ्या कंपाउंडरांनी स्वतः उभं राहून गाडीत भरून दिल्या होत्या. बायकोला ओळखीचं असं जगात जेवढं उरलं होतं, ते तिच्याच भल्यासाठी त्यांनी उतरवून टाकलं होतं. त्यांनी मुलाकडे बघितलं आणि मान हलवली. मुलाला समजलं. संस्थेला कळवायला तो फोन घेऊन फाटकाबाहेर गेला.

बाई पायरीच्या कडेला टेकल्या. कंपाउंडरही शेजारी बसले, थोडं अंतर ठेवून. काळोख पडायला लागला होता.

“घरी कोण असतं?” त्यांनी विचारलं.

“आमचे हे. दवाखान्यात असतात. मी गेल्याशिवाय जेवत नाहीत, म्हणून घाई.”

“आज जेवले असतील,” कंपाउंडर कसेबसे म्हणाले. “उशीर झालाय ना.”

“नाही हो, साहेब,” बाई पिशवी मांडीवर घेत म्हणाल्या. “तुम्ही त्यांना ओळखत नाही.”