पाठुंगळीचा जोडीदार

आमच्या होंडुरासच्या डोंगरावर कॉफी पिकली, तेव्हा आमचा लेक कामासाठी उत्तरेला, अमेरिकेत गेलेला. पिकलेली फळं चार दिवसांत उतरवली नाहीत तर गळून मातीत जाणार, आणि मजूर कुठंच मिळेना. तेव्हा मॉर्मन पंथाचा प्रचार करत जोडीदाराबरोबर दारोदार फिरणारा एल्डर फोनुआ म्हणाला, "एलोदियामावशी, उद्या आम्ही दोघं येतो." 'एल्डर' ही त्यांच्या प्रचारकांची नुसती पदवी; टोंगा बेटांवरचं हे कोवळं पोर, पण अंगानं रेड्यासारखं.

सकाळी निरोप आला, त्याच्या जोडीदाराचा पाय मुरगळलाय. जोडीदाराला एकटं सोडून जायचं नाही, हा त्यांचा नियम. माझा नवरा निकानोर कपाळाला हात लावून बसला.

तेवढ्यात चढावर फोनुआ दिसला. जोडीदाराला पाठुंगळी घेऊन येत होता!

"अरे, ही कसली वरात?" निकानोर ओरडला.

"नियम मोडला नाही, बाबा. ह्याला उतरवू कुठं, तेवढं सांगा."

"मलाही टोपली द्या," जोडीदार वरूनच म्हणाला. "पाय गेलाय, हात शाबूत आहेत."

तो सावलीत बसून टोपलीतली कच्ची फळं निवडून काढायचा, फोनुआ तोडायचा. रोज तशीच वरात. चौथ्या संध्याकाळी झाडं रिकामी झाली.

"धर्मानं वर्ज्य म्हणून जिला तोंड लावत नाहीस, त्या कॉफीसाठी एवढा राबलास?" निकानोरनं विचारलं.

"तुमचं घर चालतं ना तिच्यावर?"

आम्ही काही त्यांच्या पंथात गेलो नाही. पण रविवारी आमच्या चर्चमध्ये निकानोर पहिली मेणबत्ती त्या दोघांच्या आयांसाठी लावतो, मग आपल्या लेकासाठी.